म्हणणे, लिहिणे, गाणे : हवाल्याच्या क्रियापदांचा नैतिक विचार

मराठीच्या प्रबंधिकांत आणि शोधप्रबंधांत एक वाक्य वारंवार भेटते : 'बहिणाबाई आपल्या कवितेत लिहितात की...' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, आदरार्थी बहुवचन जागच्या जागी असते, पुढे दिलेले उद्धृतही बहुधा अचूक असते. तरीही ते वाक्य खरे नसते. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरींच्या घरी नांदलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, घरकामाच्या ओघात त्यांनी गाणी रचली आणि म्हटली. त्यांतली काही त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी वेळोवेळी टिपून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाल्यावर ते टिपण आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. त्या संग्रहाच्या नावात 'गाणी' हा शब्द आहे. 'लिहितात' या एका क्रियापदाने गाणाऱ्या बाईचे गाणे, टिपणाऱ्या मुलाचे टिपणे आणि या दोहोंमधले अंतर अशा तिन्ही गोष्टी एकदम पुसल्या जातात.

यावर असे म्हटले जाईल की ही केवळ शब्दांची कुरापत आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात, चरित्राच्या भागात, ते सांगितलेलेच असते. अडचण नेमकी येथेच आहे. पहिल्या प्रकरणात जे सांगितले ते तिसऱ्या प्रकरणात विसरले जाते, आणि विसरले गेल्याचे अभ्यासकाला, मार्गदर्शकाला वा परीक्षकाला जाणवतही नाही. ज्ञान एका ठिकाणी राहते आणि वाक्यरचनेची सवय दुसरीकडे जाते. संशोधनपर लेखनात अशा सवयीला वाव देणारी जागा म्हणजे दुसऱ्याचे मत, उक्ती किंवा लेखन आपल्या वाक्यात आणताना वापरले जाणारे क्रियापद : म्हणणे, लिहिणे, मांडणे, सुचवणे, सिद्ध करणे, मान्य करणे, दावा करणे. यांना येथे 'हवाल्याची क्रियापदे' असे म्हटले आहे.

'हवाला' हा शब्द मुद्दाम घेतला आहे. 'हवाला देणे' आणि 'हवाली करणे' ही एकाच घराण्यातली रूपे. मराठी दप्तरात हवाला म्हणजे ताबा, सुपूर्द केलेली वस्तू, जिचा जाब हवालदाराला द्यावा लागे. पुढे सराफी आणि व्यापारी व्यवहारात त्याला एकाचे देणे दुसऱ्यावर सोपवण्याचा अर्थ आला, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस वर्तमानपत्रांनी त्याला जो वास दिला तो अद्याप गेलेला नाही. अभ्यासक जेव्हा दुसऱ्याच्या उक्तीचा हवाला देतो तेव्हा ती उक्ती काही काळ त्याच्या ताब्यात आलेली असते. ज्याची ती असते तो बहुधा समोर नसतो. पुष्कळदा हयात नसतो. वाचक मूळ ग्रंथ उघडून पाहीलच असे नाही. अशा स्थितीत त्या व्यक्तीने नेमके काय केले, याविषयीची एकमेव साक्ष ते क्रियापद देत असते. अवतरणचिन्हांतला मजकूर पडताळता येतो. क्रियापदाला मात्र अवतरणचिन्ह नसते, ते संपूर्णपणे हवाला देणाऱ्याचे असते.

संशोधनपद्धतीच्या मार्गदर्शनात या विषयी जो उपदेश केला जातो तो बहुधा शैलीपुरता असतो : एकच क्रियापद पुनःपुन्हा वापरू नये. मग विद्यार्थी दहाबारा क्रियापदांची यादी करतो आणि पंगतीत वाढपी फिरावा तशी ती पानोपान फिरवतो. येथे 'म्हणतात' झाले, तेव्हा पुढे 'नमूद करतात'. मग 'अधोरेखित करतात', मग 'स्पष्ट करतात'. ज्याने काही स्पष्ट केलेले नाही त्याच्या नावावर स्पष्टीकरण जमा होते, ज्याने ओझरते विधान केले त्याच्या विधानाखाली रेघ ओढली जाते. पुनरुक्तीचा दोष टळतो आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या कृतीविषयी असत्य विधान केले जाते. हा सौदा कोणी जाणूनबुजून करत नाही, म्हणून तो अधिक चिंतेचा.

क्रियापदांची जात वेगळी असते हे भाषाविज्ञानाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी १९७०च्या निबंधात असे निदर्शनास आणले की काही क्रियापदे आपल्या पोटातील उपवाक्याचे सत्य गृहीत धरतात आणि काही धरत नाहीत. 'त्यांना वाटते की अमुक आहे' या वाक्यात बोलणारा मोकळा राहतो. 'त्यांच्या लक्षात आले की अमुक आहे' असे म्हणताच तो स्वतः त्या 'अमुक'ला बांधला जातो. मराठी समीक्षेच्या भाषेत 'दाखवून देतात', 'उघड करतात', 'निदर्शनास आणतात' ही अशी बांधून घेणारी क्रियापदे आहेत. (या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यातच 'दाखवून दिले आहे' आले, त्याची जबाबदारी प्रस्तुत लेखनावर आहे आणि ती घेतलेली आहे.) याउलट 'दावा करतात' हे क्रियापद सांगणाऱ्याला दूर उभे करते आणि ज्याचा हवाला दिला त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नेते. 'मान्य करतात' आणि 'कबूल करतात' यांची तऱ्हा निराळी. त्यांत सत्य गृहीत असतेच, शिवाय ते सत्य त्या माणसाला अडचणीचे होते आणि तो ते लपवू पाहत होता, अशी सूचनाही असते. ज्याने एखादी गोष्ट आपणहून, पहिल्याच पानावर सांगितली त्याच्याविषयी 'ते कबूल करतात' असे लिहिले तर त्याच्या प्रामाणिकपणावर आळ येतो आणि पुरावा म्हणून बोट ठेवावे असे एकही वाक्य सापडत नाही.

मराठीत या सामान्य अडचणीवर आणखी काही थर चढतात. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग, वचन आणि त्याच्याविषयीचा आदर सांगितल्यावाचून पुढे सरकत नाही. 'म्हणतो', 'म्हणते', 'म्हणतात' यांपैकी एक निवडावेच लागते; इंग्रजी अभ्यासकाला ही निवड करावी लागत नाही. समीक्षेच्या रूढीत संतांना भक्तीच्या जवळिकीने एकवचन चालते आणि आधुनिक साहित्यिकांना बहुवचन लागते. मर्ढेकर नेहमी 'म्हणतात'. बहिणाबाई मात्र एकाच लेखात कधी 'म्हणतात', कधी 'म्हणते'. त्या एकवचनात माया असते हे खरे. पण ज्या जवळिकीचा अधिकार त्यांच्या लेकीसुनांना होता तो विद्यापीठीय लेखकाला कोणी दिला, हा प्रश्न उरतो. मर्ढेकरांचा जन्म १९०९ साली फैजपूरचा, म्हणजे तेव्हाच्या पूर्व खानदेशातलाच. एकाच जिल्ह्यातल्या दोन कवींपैकी एकाला बहुवचन न विचारता मिळते आणि दुसरीला ते लेखकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून मिळते.

काळाचेही तसेच. 'राजवाडे म्हणाले' या वाक्यात एक प्रसंग आहे, आवाज आहे, ऐकणारा कोणी आहे. 'राजवाड्यांनी म्हटले आहे' यात प्रसंग मावळतो आणि मजकूर उरतो. कर्ता तृतीयेत जातो, क्रियापद त्याच्याशी जुळणे सोडून मजकुराशी जुळते. 'राजवाडे म्हणतात' यात १९२६ साली वारलेला माणूस आजच्या चर्चेत येऊन बसतो. तिन्ही रूपे उपयोगाची आहेत, परंतु ती एकमेकांची बदली नव्हेत. आणि कर्ता गळून नुसते 'असे म्हणतात' उरले की व्यक्तीचे मत लोकवाणी होते. 'म्हणे' या रूपाचा प्रवास तर फारच बोलका आहे. अभंगाच्या अखेरीस कवीच्या नावापुढे आलेले 'म्हणे' ही नाममुद्रा असते, तेथे त्या रूपाइतकी जबाबदारी मराठीतले दुसरे कोणतेही रूप घेत नाही. आज बोलण्यात तेच 'म्हणे' वाक्यात कुठेही टाकले की ऐकीव गोष्ट ठरते आणि बोलणारा हात झटकून मोकळा होतो. विद्यापीठीय गद्यात 'म्हणे' निषिद्ध आहे. पण 'असे मानले जाते', 'अभ्यासकांचे मत आहे' या सभ्य रूपांतून ते सर्रास वावरत असते.

हा प्रश्न खानदेशात पाहण्याचे कारण असे की मराठीतील दोन महत्त्वाची पुस्तके, जी एकाने उच्चारली आणि दुसऱ्याने लिहिली, याच प्रदेशात जन्मली. एक बहिणाबाईंची गाणी. दुसरे 'गीता प्रवचने'. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सहबंदींपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक. ती ऐकता ऐकता साने गुरुजींनी लिहून घेतली. पुस्तक विनोबांच्या नावावर आहे आणि ते तसेच असावे. परंतु विद्यार्थी जेव्हा 'विनोबा लिहितात' असे म्हणून त्यातील एखादा उतारा देतो आणि पुढे त्या उताऱ्याच्या वाक्यलयीवरून, दृष्टान्तांच्या हळुवारपणावरून विनोबांच्या गद्यशैलीविषयी निष्कर्ष काढतो तेव्हा तो कोणाच्या शैलीविषयी बोलत असतो? 'गीताई' विनोबांनी स्वतः लिहिली, १९३०–३१मध्ये. तेथे 'लिहितात' निःशंकपणे योजता येते. प्रवचनांत विचार विनोबांचे, उच्चार विनोबांचे, आणि कागदावर उतरलेले वाक्य मात्र अशा माणसाच्या हातचे, जो पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणार होता. कोणते विशेषण कोणाचे याचा निवाडा आज करता येणार नाही. तो करण्याची गरजही नाही. 'विनोबा सांगतात' किंवा 'प्रवचनात येते' एवढे म्हटले की निवाडा उघडा राहतो. 'लिहितात' म्हटले की तो न करताच बंद होतो.

या पुस्तकात हवाल्याची साखळी कशी आहे हेही पाहण्यासारखे आहे. कृष्ण अर्जुनाला बोलला, ते संजयाने धृतराष्ट्राला सांगितले, ते व्यासांच्या नावावर ग्रथित झाले. त्यावर विनोबा बोलले, साने गुरुजींनी लिहिले, आणि अभ्यासक आता त्याचा हवाला देतो आहे. गीतेत पात्राकडे बोलण्याची पाळी जाते तेव्हा प्रत्येक वेळी एकच क्रियापद येते, 'उवाच'. अर्जुनाच्या विषादाला तेच, भगवंताच्या उपदेशाला तेच, आंधळ्या राजाच्या प्रश्नालाही तेच. संजयाला अर्जुन 'रडगाणे गातो' म्हणता आले असते आणि कृष्ण 'सिद्ध करतो' म्हणता आले असते. त्याने तसे केले नाही. श्रोत्याने ठरवायचे ते श्रोत्यावर सोडले.

मग सर्वत्र 'म्हणतात' वापरावे आणि मोकळे व्हावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टिकणारा नाही. संजय राजाला वृत्तान्त सांगत होता. अभ्यासक युक्तिवाद करत असतो. एखाद्याने पुरावा देऊन गोष्ट प्रस्थापित केली आणि दुसऱ्याने ती नुसती उच्चारली, तर दोघांनाही 'म्हणतात' लावणे हा पहिल्यावर अन्याय आहे. शिवाय अभ्यासक स्वतः ती गोष्ट पटल्यामुळे पुढे वापरत असेल, तर 'म्हणतात' या आडोशाला उभे राहून तो आपले ऋण आणि आपली जोखीम दोन्ही लपवतो. तटस्थ क्रियापद नेहमीच तटस्थ नसते.

धुळ्यातच याचे दुसरे उदाहरण मिळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. पुढे एकूण बावीस खंड झाले. त्या खंडांत आणि त्यांच्या प्रस्तावनांत राजवाडे अनेक भिन्न कृती करतात. ते पत्र शोधतात, नकलून घेतात, छापतात, त्याची तिथी ठरवतात, त्यावरून तर्क करतात, त्या तर्कावरून समाजाच्या घडणीविषयी एखादे भव्य विधान करतात, एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सुचवतात, आणि मधूनच एखाद्या पूर्वसूरीला झोडपतात. या सर्वांना त्यांचे प्रशंसक 'राजवाड्यांनी सिद्ध केले' असे म्हणत आले आणि त्यांचे टीकाकार 'राजवाड्यांनी तर्कट लढवले' असे. दोन्ही पक्षांनी एका माणसाला एकच क्रियापद दिले. राजवाड्यांच्या बाबतीत हे फार नुकसानीचे आहे, कारण त्यांनी छापलेल्या पत्राचे मूल्य आणि त्यांनी केलेल्या व्युत्पत्तीचे मूल्य यांत जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो, आणि व्युत्पत्ती कोसळली की तिच्यासोबत पत्रावरचा विश्वासही डळमळतो.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्यावे. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक संहिता संपादून प्रसिद्ध केली. ज्या पोथीवरून ती सिद्ध केली ती एकनाथांच्या १५८४च्या शुद्धीकरणापूर्वीची आहे असे त्यांचे मत होते. पुढील अभ्यासकांत तिच्या प्राचीनतेविषयी मतभेद झाले. आता दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. 'राजवाडे यांनी एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली.' 'राजवाडे यांनी ज्या पोथीला एकनाथपूर्व मानले तिची संहिता प्रसिद्ध केली.' पहिल्या वाक्यात एकही मतदर्शक क्रियापद नाही, म्हणून ते निरुपद्रवी भासते. वास्तविक त्यात अख्खा वाद एका विशेषणात जिरवून टाकला आहे. दुसऱ्यात 'मानले' आले आणि वाद पुन्हा दिसू लागला. (वर 'सिद्ध केली' आले आहे ते 'तयार केली' या अर्थाने. संहिता 'सिद्ध' करणे आणि मत 'सिद्ध' करणे यांना मराठीत एकच शब्द आहे, ही आणखी एक अडचण. संपादकाच्या श्रमाला मिळालेला शब्द त्याच्या मताला आपोआप चिकटतो.)

दप्तरांत काम करणाऱ्यांची आणखी एक लकब आहे : 'कागद सांगतो', 'बखर म्हणते'. कागद बोलत नाही. तो कोणीतरी, कोणासाठी तरी, बहुधा हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेला असतो. 'बखर म्हणते' हे वाक्य बखरकाराला आणि त्याच्या धन्याला एकदम अदृश्य करते. 'कागदात आढळते' हे क्रियापद निदान एवढे सांगते की पाहणारा कोणी आहे आणि त्याने पाहिले आहे.

कादंबरीच्या अभ्यासात ही चूक वेगळे रूप घेते, आणि येथे थोडक्यात सांगण्याजोगे एकच उदाहरण पुरे. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८चा, जळगाव जिल्ह्यातल्या सांगवी गावचा. १९६३च्या 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर. नावातच गाव आहे, तेव्हा पांडुरंग जे म्हणतो ते 'नेमाडे म्हणतात' असे लिहिण्याची वाट गुळगुळीत झालेली आहे. स्त्रियांविषयी, शिक्षणाविषयी, पुण्याविषयी पांडुरंग जे बोलतो ते लेखकाच्या मतांच्या खात्यावर जमा केले जाते आणि मग 'टीकास्वयंवर'मधल्या मतांशी ताडून विसंगती दाखवली जाते. त्याच कादंबरीत इतिहाससंशोधनाच्या भाषेचे विडंबन आहे. खोट्या गांभीर्याने हवाले कसे दिले जातात हे ज्या पुस्तकाने हसत हसत दाखवले त्याच पुस्तकाचे हवाले अशा रीतीने दिले जावेत, ही मौजच म्हणायची.

आता पुन्हा बहिणाबाईंकडे. 'लिहितात' ही चूक वस्तुस्थितीची आहे आणि एका रेघेने सुधारता येते. त्याहून खोल गेलेली गोष्ट अशी की कोणाला कोणती क्रियापदे मिळतात, यात मराठी समीक्षेने नकळत एक वाटणी करून ठेवली आहे. विचारवंत 'प्रतिपादन करतात', 'मीमांसा करतात'. नागर कवी 'चिंतन करतात'. ग्रामीण कवयित्री 'सहजपणे सांगून जाते', 'दर्शन घडवते', 'तिच्या ओठी येते'. दलित आत्मकथनकार 'आक्रोश करतात', 'व्यथा मांडतात', 'कबुली देतात'. दया पवारांनी १९७८च्या 'बलुतं'मध्ये बोलणारा आणि ऐकणारा असे स्वतःचेच दोन भाग करून निवेदनाची एक विचारपूर्वक रचना उभी केली. तिच्याविषयी 'रचतात' हे साधे क्रियापदही सहसा वापरले जात नाही. कोणाचे बोलणे युक्तिवाद मानायचे आणि कोणाचे नुसता उद्गार, हा निर्णय विवेचनात कधीच मांडला जात नाही. तो क्रियापदात आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

बहिणाबाईंचे एक प्रसिद्ध गाणे कशाला काय म्हणू नये, याचेच आहे. वस्तूचे नाव तिला केव्हा लागू पडते? कापसावाचून उकलले ते बोंड या नावाला पात्र नाही. हरीचे नाव घेत नाही ते तोंड या नावाला पात्र नाही. अशी एकामागून एक उदाहरणे घेऊन ते गाणे पुढे जाते : शेतातली वस्तू, शरीराचा अवयव, घरातले नाते. प्रत्येक ठिकाणी निकष एकच, नाव हे कार्यावर ठरते, रूपावर नव्हे. आणि कार्य संपले तर नाव काढून घ्यावे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हीच गोष्ट ॲरिस्टॉटलच्या संदर्भात शिकवली जाते, तेथे तिला 'सिद्धान्त' म्हणतात. जळगावच्या शेतकरी स्त्रीने ती उदाहरणांच्या क्रमाने बांधली तर ती 'सहज स्फुरलेली' ठरते. उदाहरणांचा क्रम पाहिला, बोंडापासून माणसापर्यंत चढत गेलेली कसोटी पाहिली, तर येथे 'युक्तिवाद करतात' हे क्रियापद न वापरण्याचे कारण देता येत नाही.

परंतु येथेच सावध व्हावे लागते. उपेक्षितांना विद्वत्तेची क्रियापदे बहाल करणे हीदेखील एक प्रकारची मालकी असते. 'बहिणाबाई स्त्रीवादी भूमिका घेतात', 'पर्यावरणवादी जाणीव व्यक्त करतात' अशी वाक्ये अलीकडे दिसतात. भूमिका घेणे म्हणजे पर्याय समोर असताना त्यांतला एक निवडणे. असे पर्याय त्यांच्यासमोर या शब्दांत होते, हे दाखवल्यावाचून ते क्रियापद त्यांच्या नावावर लावणे म्हणजे त्यांच्या ताटात आपले पक्वान्न वाढून त्यांनी ते रांधले असे सांगणे होय. ज्यांच्या नावे जळगावच्या विद्यापीठाचे (स्थापना १९९०) २०१८ साली नामकरण झाले त्या बहिणाबाईंवर आता बरेच लिहिले जाईल, आणि गौरवाच्या भरात दिलेली क्रियापदे उपेक्षेच्या भरात दिलेल्यांइतकीच चुकीची असू शकतील.

मग कसोटी कोणती? भारतीय शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती तिच्यातून एक मिळते : प्रतिपक्षाचे मत असे मांडावे की ते त्याला स्वतःचे म्हणून ओळखता यावे. क्रियापदाला ती लावली तर 'हे मी केले' असे मूळ व्यक्तीला म्हणता आले पाहिजे. कसोटी चांगली आहे, पण अपुरी. राजवाडे 'सिद्ध केले' हे आनंदाने स्वीकारतील. त्यांचा तसा विश्वासच होता. स्वतःच्या कृतीचे नाव सांगण्याचा संपूर्ण अधिकार कर्त्याला दिला तर समीक्षाच थांबते. उलट तो मुळीच दिला नाही तर हवाला ही जप्ती होते. 'मानले' हे क्रियापद राजवाड्यांना रुचले नसते, तरी तो अन्याय ठरत नाही, कारण पोथीविषयीचा वाद उघड आहे आणि वाचक तो पाहू शकतो. 'तर्कट लढवले' हा अन्याय आहे, कारण त्यात वाद न मांडताच निकाल दिलेला आहे. म्हणजे पाहायचे ते एवढे की वापरलेल्या क्रियापदाचा पुरावा त्याच पानावर देता येतो काय. 'युक्तिवाद करतात' म्हटले तर युक्तिवादाच्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. 'दाखवून देतात' म्हटले तर जे दाखवले ते अभ्यासकाने स्वतः पाहिलेले असावे लागते. 'कबूल करतात' म्हटले तर आधी नाकारल्याचे ठिकाण सांगावे लागते.

बहिणाबाईंच्या बाबतीत पहिली कसोटीही सहज लागत नाही, कारण त्यांना विचारता येत नाही आणि त्यांनी आपल्या पुस्तकाला संमती दिली वा नाकारली, असा प्रसंगच आला नाही. 'गीता प्रवचने' विनोबांच्या हयातीत, त्यांच्या मान्यतेने घरोघर गेली. भूदानयात्रेत ती त्यांच्यासोबत हिंडली. बहिणाबाई संग्रह निघण्यापूर्वीच गेल्या. मात्र आपल्याला शब्द कुठून मिळतात, याचा हवाला त्यांनी स्वतः एका गाण्यात दिलेला आहे. सरस्वती ही आपली आई, ती आपल्याला बोली शिकवते आणि लेकीच्या मनात गुपिते पेरते, असा त्याचा आशय. त्यांनी निवडलेली क्रियापदे दोन : शिकवणे आणि पेरणे. शिकवली ती बोली, लिपी नव्हे. आणि पेरलेले उगवायला शेत लागते, राबणारे हात लागतात, याची जाण हे क्रियापद निवडणाऱ्या कुणब्याच्या लेकीला नसेल, असे मानण्याचे कारण नाही. 'सहज स्फुरले' असे त्यांनी म्हटलेले नाही.

प्रबंधात या सगळ्याचे काय करायचे हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच. तीनशे पानांत प्रत्येक वेळी 'बहिणाबाईंनी म्हटलेल्या आणि सोपानदेवांनी टिपलेल्या गाण्यात' असे लिहिता येणार नाही. वाचक कंटाळेल आणि वाक्य मोडेल. प्रारंभी एकदा संहितेची हकीकत सांगून पुढे 'गाण्यात येते', 'बहिणाबाई म्हणतात' एवढ्यावर भागवता येईल. मात्र जेथे शब्दाच्या रूपावर, उच्चारावर, लेवा बोलीतल्या एखाद्या प्रत्ययावर निष्कर्ष उभा असेल तेथे 'म्हणतात' पुरत नाही. तेथे 'छापील संहितेत असे रूप आहे' असेच लिहावे लागेल, कारण ते रूप कानाने टिपले गेले, हाताने लिहिले गेले, मग खिळ्यांनी जुळवले गेले, आणि या तीन ठिकाणांपैकी कोठे काय बदलले हे आता गाण्यावरून कळत नाही. आशयावर बोलताना बहिणाबाई कर्ता, रूपावर बोलताना संहिता कर्ता, असे एका पानावर दोनदा कर्ते बदलतील. परीक्षक त्याला विस्कळीतपणा म्हणण्याचा संभव आहे.